अठरा फ्रेमा

लक्ष्मीपुरीतल्या थेटरात मी सिनेमे बघितले
ते भिंतीतल्या चौकोनी भोकातून,
एक डोळा मिटून,
नाकात जळत्या कार्बनचा वास,
कानाशी मशीनचा खडखडाट.
डायलॉग धड ऐकू यायचेच नाहीत.
ऐकू यायचं ते हसू,
आणि मी पडद्यापेक्षा त्याचाच हिशेब ठेवायचो.

पुढच्या बाकड्यांवर तालमीतली पोरं,
ती हसली की अख्खी रांग हलायची.
रात्रीच्या शोला उद्यमनगरातले मोल्डर,
तोंडावर फौंड्रीची काळी वाळू,
हसले की अंधारात नुसते दात.
गुळाचे एक अडते होते, नेजदार,
त्यांना विनोद कळायला इंटरव्हल लागायचा,
सोडा पिता पिता एकदम फस्सकन.

दस्तगीर मुजावर आमचे ऑपरेटर.
स्वतः कधी हसले नाहीत.
म्हणायचे, "हसणाऱ्याचा हात हलतोय
आणि फोकस जातोय."

त्या साली एक जुना सिनेमा परत लागला,
शिंपी चुकून फौजदार होतो, तो.
टोपी मोठी, पट्टा ढिला.
चोर समोर येतो, गाव श्वास धरून उभं,
शिंपी चोराची कॉलर पकडतो
आणि सवयीनं गळ्यातली टेप काढून
त्याची छाती मोजतो.
मग थांबतो.
मग म्हणतो, "छत्तीस."

एवढंच.
कागदावर लिहिलं की काहीच नाही, बघा.
पण त्या छत्तीसला पोरं थेटर डोक्यावर घ्यायची.

मंगळवारी मॅटिनीला फिल्म तुटली.
मी जोडली, घाईघाईत,
फाटलेलं कापून, सोल्युशन लावून.
सहाच्या शोला छत्तीस आलं
आणि खाली कोण हसलंच नाही.
एक खोकला. शेंगांच्या टरफलांची कुरकुर.
शिंपी तोच, चोर तोच, टेप तीच.
चाचांनी मान न वळवता विचारलं,
"किती कापलास?"
"अठरा फ्रेमा."
"पाऊण सेकंद," ते म्हणाले. "हसू त्यातच हुतं."

शो सुटल्यावर केराच्या डब्यात हात घातला.
बिड्यांच्या थोटकांत सापडला, दीड वीत तुकडा,
कडेची भोकं फाटलेली.
बल्बासमोर धरला तर
अठरा वेळा तोच माणूस, तोंड मिटलेलं,
टेपवरचा आकडा वाचतोय,
आणि चित्रागणिक केसभर, केसभर
त्याला आठवतंय की आपण फौजदार आहोत.
पण जीभ अजून शिंप्याचीच.

चाचा ब्लेडनं कड खरवडत बसले,
एकेका भोकाला पट्टी लावत, पहाटेपर्यंत.
मध्येच म्हणाले,
"पडणाऱ्याला कोण हसतंय?
पडायच्या आधी टोपी सरळ करतोय बघ,
त्याला हसत्यात."
बुधवारी पोरं पुन्हा बाकड्यावरून घसरली.
चाचांचा हात जागचा हलला नाही.

थेटर गेलं. तिथं आता चारचाकी लावत्यात.

परवा सीपीआरला त्यांना बघायला गेलो.
चादरीखाली माणूस आहे की घडी, कळेना.
नर्स आली, दंडाला पट्टा गुंडाळला,
फुगा दाबत काट्याकडं बघत राहिली.
चाचांनी डोळे उघडले.
पट्ट्याकडं बघितलं.
तिच्याकडं बघितलं.
मी काही घड्याळ लावलं नव्हतं,
पण पाऊण सेकंदच असणार.
"छत्तीस."

मी असा फुटलो
की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दचकून उठून बसला.
नर्स म्हणाली, "काय झालं? मलाबी सांगा की."
मी सांगितलं. शिंपी फौजदार चोर टेप छाती छत्तीस,
एका दमात, डोळे पुसत.
ती नुसतीच बघत राहिली.

चाचांनी डोळे मिटूनच घेतले होते.
"गडबड केलास," म्हणाले.
"थांबायचं हुतंस की रे."